पुणे विद्यापीठात पहिलं सेमिस्टर कसं काढावं

दरवर्षी जून उजाडला की मला गावाकडून फोन सुरू होतात. "ताई, पुण्याच्या लिस्टला नाव लागलंय. आता काय काय करू?" फोन कधी पोरीचा असतो, कधी तिच्या वडिलांचा. वडिलांचा असला की आवाजात काळजी जास्त असते. मी दरवेळी तासभर बोलते आणि फोन ठेवल्यावर आठवतं की अमुक एक सांगायचं राहिलंच. म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून काढते आहे.

मी गंगाखेड तालुक्यातली, जिल्हा परभणी. संत जनाबाईंचं गंगाखेड. बी.ए. तिथेच केलं, मराठी माध्यमातून. एम.ए.ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात आले आणि आता तिथेच पीएच.डी. करते. घरी तीन एकर कोरडवाहू. आबा मला पहिल्यांदा सोडायला आले तेव्हा आम्ही मेन गेटपासून विभागापर्यंत चालत गेलो. कॅम्पस ४११ एकरांचा आहे असं कुणीतरी सांगितलं, तर आबा चालता चालता थांबले आणि म्हणाले, "आपलं निम्मं शिवार बसंल की गं इथं."

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. विद्यापीठात कुणी बोलावून आपल्या हातात काही देत नाही. खोली, शिष्यवृत्ती, पुस्तक, सरांचा वेळ, सगळं आहे, पण मागावं लागतं. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, कुणाला त्रास देऊ नये, हे वळण घरातून घेऊन आपण येतो. वळण चांगलंच आहे, पण पहिले तीन महिने ते जरा बाजूला ठेवा. जे हक्काचं आहे ते मागा आणि जे कळलं नाही ते विचारा.

कागद

आबांनी माझे मूळ कागद युरियाच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक धुऊन, वाळवून त्यात गुंडाळले होते. जुलैचा पाऊस होता, स्टेशनवरून येताना आम्ही दोघं नखशिखांत भिजलो, पण कागदाचा कोपराही ओला झाला नाही. तुम्ही प्लास्टिकची फाइल आणली तरी चालेल, फक्त मूळ कागद एका फाइलीत आणि झेरॉक्स दुसरीत ठेवा. मूळ फाइल रोज पाठीवर घेऊन फिरू नका.

दहावी-बारावीची आणि पदवीची सगळी गुणपत्रकं, टी.सी., जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. यातले तहसीलमधून मिळणारे दाखले निकालाची वाट न बघता एप्रिल-मे मध्येच काढून ठेवा. निकाल लागला की सेतू केंद्रावर सगळा तालुका उभा असतो.

माझं चुकलं ते मायग्रेशनमध्ये. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर इथं येताना तिथलं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. परभणी, नांदेड, लातूर, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या मुलांना ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून काढावं लागतं, आणि बीड, जालना, धाराशिवच्या मुलांना छत्रपती संभाजीनगरहून. टी.सी. हातात आली म्हणजे झालं, अशी माझी समजूत होती. प्रवेशाच्या टेबलावर हे कळलं तेव्हा माझे पाय लटपटले. मला वाटलं, आता परत जावं लागणार. बाजूला उभ्या असलेल्या एका सीनियर ताईने सांगितलं, "हमीपत्र लिहून दे, मुदत माग." मी मागितली, मिळाली. मग चुलतभावाने नांदेडला खेटे घालून कागद काढला आणि मुदत संपायच्या चार दिवस आधी मी तो जमा केला. तुम्ही नांदेडचं काम घर सोडायच्या आधीच उरका.

प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात बोनाफाईडच्या चार प्रती मागून घ्या. बसचा पास, शिष्यवृत्ती, वसतिगृह, बँक, सगळीकडे लागतात. विभागाच्या ऑफिसमधल्या मामांना नाव सांगून ओळख करून घ्या. कोणता अर्ज कुठल्या टेबलावर जातो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि नीट विचारलं तर ते मनापासून सांगतात.

राहायचं कुठं

वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो. विभागात प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं होत नाही. हे इतक्या जणांना माहीत नसतं की मी फोनवर पहिलं वाक्य हेच बोलते. यादी गुणांवर आणि प्रवर्गांवर लागते, आणि एक यादी संपली की दुसरी लागते. माझं नाव पहिल्या यादीत नव्हतं. मी दर दोन दिवसांनी जाऊन नोटीस बोर्ड बघत होते. दोन महिन्यांनी नाव लागलं.

ते दोन महिने मी पांडवनगरात कॉट बेसिसवर राहिले. कॉट बेसिस म्हणजे खोलीतली एक खाट आणि कपाटातला एक कप्पा आपला. पांडवनगर, जनवाडी, गोखलेनगर, खडकी, औंधगाव या भागांत अशा खोल्या मिळतात आणि तिथून विद्यापीठात चालत किंवा एका बसने येता येतं. खोली बघायला दिवसा जा आणि शक्यतो त्याच घरात राहणाऱ्या एखाद्या मुलीशी घरमालकिणीच्या मागे दोन शब्द बोलून घ्या. पाणी किती वेळ येतं, रात्री दार किती वाजता लागतं, डिपॉझिट परत मिळतं का, एवढं तिला विचारा. पैसे दिले की पावती घ्या, नसेल देत तर निदान फोनवरून भरा म्हणजे नोंद राहते.

समाजकल्याण विभागाची मुलींची शासकीय वसतिगृहं पुण्यात आहेत, त्यांचाही अर्ज सोबतच भरा. आणि एक. मैत्रिणीच्या खोलीत नोंद न करता राहणाऱ्याला वसतिगृहाच्या भाषेत 'पॅरासाइट' म्हणतात. मला तो शब्द कधीच आवडला नाही, कारण त्यातली बहुतेक मुलं खरंच अडचणीत असतात. पण त्या वाटेला जाऊ नका. सापडलात तर तुमच्याबरोबर खोली देणारीचीही जागा जाते. अडचण असेल तर विभागप्रमुखांना लेखी सांगा.

पैसा

घरून मला महिन्याला चार हजार यायचे आणि ते कसे यायचे हे मला माहीत होतं. म्हणून या भागात मी जरा जास्त बोलणार आहे.

बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास या प्रवर्गांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. या शेवटच्या तिघींची नावं गावात फारशी कुणाला ठाऊक नसतात, आणि राहण्याजेवणाचा खर्च निघतो तो त्यांच्यातूनच. आपल्याला कोणती लागू होते, अर्ज कुठे द्यायचा आणि गुणांची, उत्पन्नाची अट काय, हे विभागातल्या सीनियरला नाहीतर थेट समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन विचारा.

अर्ज करताना एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर येतातच असं नाही, ते तुमच्या आधारला जोडलेल्या खात्यावर येतात. माझं आधार शाळेत असताना गावच्या बँकेत उघडलेल्या खात्याला जोडलेलं होतं. मी पुण्यात नवीन खातं काढलं आणि चार महिने त्याचं पासबुक भरून आणत बसले. पोर्टलवर रक्कम जमा दाखवत होती, पासबुकात काही नव्हतं. शेवटी आईने गावच्या बँकेत जाऊन सहज जुनं पुस्तक भरून आणलं आणि फोन केला, "इथं कसले गं पैसे आलेत?" तेव्हा बँकेत जाऊन आधी विचारा की माझं आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे. पाच मिनिटांचं काम आहे.

शिष्यवृत्ती वर्षाच्या शेवटाकडे येते असं धरून चाला. तोवर हात चालायला 'कमवा व शिका' आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने विद्यापीठ ही योजना चालवतं. दिवसाला दोन-तीन तास काम, तासावर मोबदला. कुणाला ग्रंथालयात काम मिळतं, कुणाला कार्यालयात, कुणाला बागेत. मला आमच्याच विभागात नकाशे लावायचं काम मिळालं. लाकडी रुंद खणांमध्ये टोपोशीट आडव्या ठेवलेल्या असतात. एकेक काढायची, कोरड्या फडक्याने धूळ टिपायची, दुमडलेला कोपरा तळहाताने सरळ करायचा आणि क्रमांकाप्रमाणे परत ठेवायची. पहिल्या आठवड्यात ते हमालीचं काम वाटलं. दुसऱ्या महिन्यात वर्गात सर कुठलाही घाट म्हणाले की त्याचा कागद माझ्या डोळ्यांसमोर यायला लागला. या योजनेत काम करण्यात काहीही कमीपणा नाही. माझ्या बॅचमध्ये या योजनेतली मुलं वक्तशीर होती आणि मामांपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना नावाने ओळखायचे.

वर्गात

आता सगळ्यात मोठी भीती, इंग्रजी.

पहिल्या दिवशी तीन तास झाले आणि मी वहीत जे लिहिलं त्यातलं निम्मं मलाच वाचता येईना. ऐकू येईल तसं देवनागरीत लिहिलं होतं. वेदरिंग, डिन्यूडेशन, हिंटरलँड. बी.ए.ला हेच सगळं मी मराठीत शिकले होते आणि चांगल्या गुणांनी पास झाले होते. पण ओळखीचं माणूस नव्या कपड्यांत आलं की चटकन ओळखू येत नाही, तसं झालं होतं. रात्री खोलीवर रडले. मग दुसऱ्या दिवशी एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात आपल्या डोळ्यांनी बघितलेलं उदाहरण.

वेदरिंग, विदारण, ओढ्याच्या काठचा काळा दगड कुजून त्याचा मुरूम होतो. इरोजन, झीज, बांध फुटून वरच्या वावरातली माती खालच्याच्या वावरात जाते. मास वेस्टिंग, विस्तृत झीज, ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. रेन शॅडो, पर्जन्यछाया, मुळशीत धो धो पाऊस आणि त्याच जिल्ह्यात बारामती कोरडी.

तिसरा रकाना सोडू नका. पहिले दोन रकाने कोशात सापडतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत, भूगोलाचे आहेत तसेच इतर विषयांचेही आहेत. तिसरा रकाना मात्र फक्त तुमच्याकडे असतो. रोज दहा शब्द केले तर दिवाळीपर्यंत वही भरते, आणि वर्गात बोललेलं कानाला लागायला लागतं. माझी ती वही आता तिसऱ्या बॅचमधल्या मुलीकडे आहे.

विचारण्याबद्दल म्हणाले होते, त्याची ही गोष्ट. ऑगस्टमध्ये प्रॅक्टिकल चालू होतं. समोर १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट, तिच्यावर तपकिरी रेघांचं जाळं. मॅडम इंग्रजीत सांगत होत्या की या कॉन्टूर, दोन रेघांमध्ये २० मीटरचं अंतर, रेघा जवळ आल्या की उतार तीव्र. व्याख्या मला पाठ होती. समुद्रसपाटीपासून समान उंचीवरची ठिकाणं जोडणारी रेषा, समोच्च रेषा. पण ती रेघ अशी वेडीवाकडी का पळते, डोंगराच्या खोबणीत आत का शिरते आणि सोंडेवर बाहेर का येते, हे चित्र डोक्यात बसत नव्हतं. मी त्या रेघेवर बोट ठेवून फिरवत होते आणि अचानक मला आमचा माळ दिसला.

आई रोजगार हमीवर जायची तेव्हा माळावर सलग समतल चर खोदायचं काम होतं. सीसीटी म्हणतात सगळे. सुट्टीत मी तिच्यासोबत जायची. एक लांब पारदर्शक नळी असायची, तिच्यात पाणी भरलेलं. एक बाई एक टोक काठीला धरून इथे उभी, दुसरी दुसरं टोक घेऊन पुढे. पुढची बाई जरा वर जायची, जरा खाली यायची, आणि दोन्ही टोकांतलं पाणी एका खुणेला आलं की आरोळी द्यायची, "आलं!" तिथे फक्की टाकायची. मग पुढे. अशी फक्कीची पांढरी रेघ सगळ्या माळाला वळसा घालून जायची आणि त्या रेघेवर चर खोदायचा. मी आईला विचारलं होतं, कामून गं हा असा वाकडा? ती म्हणाली होती, "वाकडा दिसतो, पण पाणी यात पळत नाही, उभं राहतं."

मी हात वर केला. इंग्रजीत वाक्य जुळवायला गेले, जुळेना. मग मराठीतच विचारलं, "मॅडम, ही रेघ म्हणजे आमच्याकडं माळावर सीसीटीचा चर मारतात, तीच का?" मागे दोघं-तिघं हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पुढे ये आणि सगळ्यांना दाखव." मी विचारलं, कोणत्या भाषेत. "तुझ्या." मी फळ्यावर माळ काढला, नळी काढली, फक्कीची रेघ काढली. पुण्यातच वाढलेल्या दोन मुली तास संपल्यावर माझ्याकडे आल्या आणि नळीत पाणी कसं भरायचं, हवेचा बुडबुडा राहिला तर काय होतं, असं विचारत बसल्या. रात्री आईला फोन करून मी आणखी माहिती घेतली. दोन चरांत अंतर किती ठेवायचे, मातीचा ढीग खालच्या अंगाला का टाकायचा. पहिल्या सेमिस्टरची माझी असाइनमेंट त्याच्यावर झाली.

म्हणून सांगते, गावाकडचं जे माहीत आहे ते दाबून ठेवू नका. अर्थशास्त्रात आलेल्या मुलीला आठवडी बाजार माहीत असतो, समाजशास्त्रातल्या मुलाला ऊसतोडीचा कोयता आणि उचल माहीत असते, मराठी विभागातल्या मुलीच्या आजीला ओव्या येतात. अभ्यासक्रमात हेच सगळं दुसऱ्या नावाने येणार आहे.

सरांना-मॅडमना भेटायचं असेल तर कॉरिडॉरमध्ये गाठू नका. तास नसेल तेव्हा केबिनच्या दारावर टकटक करा, "येऊ का सर?" म्हणा आणि एकच प्रश्न कागदावर लिहून न्या. "मला काहीच कळत नाही" म्हटलं तर त्यांनाही कुठून सुरू करावं कळत नाही. "पान अमुक, ही आकृती, इथपर्यंत कळलं, इथे अडले" म्हटलं की दहा मिनिटांत काम होतं. आणि अंतर्गत मूल्यमापन हलक्यात घेऊ नका. चाचण्या, सेमिनार, असाइनमेंट यांचे गुण मोठे असतात. शेवटच्या महिन्यात रात्र जागून ते भरून काढता येत नाहीत.

जयकर

विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर. ग्रंथालय त्यांच्या नावाचं आहे. आता त्याचं नाव जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे, पण सगळे 'जयकर'च म्हणतात. कार्ड पहिल्या आठवड्यात काढा. वाचनकक्षात जागा हवी असेल तर सकाळी लवकर जा. नेट-सेटची (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षांची) आणि स्पर्धा परीक्षांची मुलं त्याआधी आलेली असतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा आपलंच विद्यापीठ घेतं, त्यामुळे कॅम्पसवर त्या परीक्षेचं वातावरण कायम असतं. ते बघून पहिल्याच महिन्यात क्लास लावू नका. आधी एम.ए. नीट करा.

वाचनकक्षापलीकडचं ग्रंथालय वापरणारी मुलं फार थोडी असतात. पुस्तकांच्या कपाटांमध्ये जाऊन नुसतं फिरा. आपल्याला हवं ते पुस्तक शोधताना त्याच्या शेजारचं पुस्तक जास्त कामाचं निघतं, हे माझ्या बाबतीत अनेकदा झालं. आणि प्रबंध बघा. आपल्या तालुक्यावर, आपल्या नदीवर, आपल्या बोलीवर कुणीतरी पीएच.डी. केलेली असते. शोधगंगा नावाच्या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात. मी परभणी जिल्ह्यातल्या पीकपद्धतीवरचा एक प्रबंध उघडला आणि त्यात आमच्या मंडळाचं नाव छापलेलं बघितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे काम मीही करू शकते.

काही लागलंच तर पुण्यात डेक्कन कॉलेज, भांडारकर संस्था, गोखले संस्था यांची ग्रंथालयं आहेत. विभागाचं पत्र घेऊन जा. विकत घ्यायची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात, जुनी आधी विचारा.

जेवण

कॅम्पसवर रिफेक्टरी आहे, अनिकेत कँटीन आहे, बाहेर खासगी मेस आहेत. मेस लावताना महिन्याचे पैसे देण्याआधी दोन दिवस सुटं जेवून बघा आणि खाडा किती दिवसांचा धरतात ते विचारा. गावाला गेलात आणि खाडा सांगितला नाही तर पैसे जातात. रविवारी बहुतेक ठिकाणी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद, त्या रात्रीची सोय आधी बघून ठेवा. मी शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला घरून आणायचे. भाजी फिकी लागली की त्याच्यावर भागायचं. नंदुरबारच्या रूममेटकडे तिखट ठेचा असायचा, कणकवलीच्या रूममेटकडे सोलं. आमचं तिघींचं पहिलं बोलणं या डब्यांवरूनच सुरू झालं.

कॅम्पस फिरा

संध्याकाळी तासभर चालायची सवय लावा. मुख्य इमारत पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला होती. २२ जून १८९७ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथेच झाला, आणि तो आटोपून परत निघालेल्या रँडवर चाफेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आपण बसमधून रोज जातो तोच रस्ता. विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं आणि २०१४ साली त्याला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. मुख्य इमारतीच्या आवारात सावित्रीबाईंचा पुतळा आहे. ३ जानेवारीला त्यांच्या जयंतीला तिथे जा. मी आईला पहिल्यांदा पुण्यात आणलं तेव्हा आधी तिथेच नेलं. तिने चपला बाजूला काढल्या आणि पायांवर डोकं ठेवलं.

कॅम्पसमध्येच आयुका आहे, डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था. एरवी आत जायला परवानगी लागते, पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी ती सगळ्यांसाठी खुली असते. तिथे फुकोचा लंबक आहे. पृथ्वी फिरते हे मी चौथीपासून लिहीत आले होते. त्या लंबकाची झोके घेण्याची दिशा हळूहळू सरकताना मी तिथे बसून बघितली, म्हणजे खरं तर खालची जमीन सरकताना. कोणत्याही विषयाचे असा, त्या दिवशी जाच.

रविवारी वेताळ टेकडीवर जा. पुणं वरून एकदा दिसलं की शहराची धास्ती कमी होते. मुलींनी रात्री कॅम्पसच्या आतल्या निर्मनुष्य रस्त्यांवर एकटीने जाऊ नये, दोघी-तिघी मिळून या. वसतिगृहाच्या रेक्टरचा आणि सुरक्षा विभागाचा नंबर फोनमध्ये पहिल्या दिवशीच घालून ठेवा.

घरची आठवण आली की

येणारच. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात जास्त येते. मी तेव्हा बॅग भरून ठेवली होती. कणकवलीची म्हणाली, "महालक्ष्म्यांपर्यंत थांब, मग जा आणि येऊच नको वाटलं तर येऊ नको." मी थांबले. घरी गेले आणि चौथ्या दिवशी जयकरमधलं अर्धवट राहिलेलं पुस्तक आठवायला लागलं. तुम्हीही पहिले सहा आठवडे ओलांडायच्या आधी कोणताच निर्णय घेऊ नका. घरी रोज ठरलेल्या वेळी फोन करा, म्हणजे त्या वेळेआधी आई घाबरत नाही. फार जड झालं, झोप-जेवण तुटलं, तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाऊन सांगा, विभागात एखाद्या मॅडमना सांगा. असं सांगणारी मुलगी दुबळी नसते.

दिवाळीचं तिकीट साठ दिवस आधी खुलं होतं, त्याच सकाळी काढा. आपल्याकडची मुलं नांदेड-पनवेलने जातात. संध्याकाळी गंगाखेडला बसलं की सकाळी पुणं. परतीचं तिकीटही तेव्हाच काढा, कारण दिवाळीनंतर त्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते. येताना ज्वारीचं पीठ आणायचं असेल तर दोन-अडीच किलोच आणा, आणि दळून आणल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका. गरम भरलं की पुण्यापर्यंत त्याला वास धरतो.